सहलीचा अहवाल

पटावर एकतीस, हजर सव्वीस.
उरलेले पाच वीटभट्टीवर, आईबापांसोबत.
त्यांच्यासाठी या कागदावर रकाना नाही.

वर्गणी माणशी एकशे ऐंशी.
दर्शना आगिवलेची सगळी नाण्यांत आली,
बोरं विकलेली. मोजताना
बोटांना अजून चिकट लागत होती.

पहाटे चारला एसटी सुटली.
भिवंडी यायच्या आत नऊ जण ओकले
आणि आणलेली लिंबं संपली.

विज्ञान केंद्रात वाकड्या आरशासमोर
सगळे फुगले, हसून हसून खाली बसले.
काजल तेवढी उभी राहिली.
म्हणाली, बाई, माझी आई अशी पायजे.

मग चौपाटी.
उमेश पादीरनं विचारलं, भिंत कुठं हाय?
कसली रे?
धरणाची.
नसते समुद्राला, म्हटलं मी.
तो बराच वेळ लाटेपासून चार हात मागंच थांबला.
एवढं पाणी बांधल्याशिवाय
कोण असं मोकळं सोडतं?

मलबार हिलची बाग शेवटी होती,
खरं तर म्हातारीच्या बुटासाठी गेलो होतो.
पण मधल्या हिरवळीवर डबे उघडले,
भाकरी, ठेचा, कुणाची नुसतीच भाकरी,
आणि पाइप गुंडाळत माळीबुवा सहज बोलले,
बसलाय ना, त्याच्या खाली हौद आहे.
बाग वरून घातलीय. खाली सगळं पाणी.

कुठलं पाणी, सोमीनं विचारलं.
(पटावर सोनाली हिलम. सोमवारची म्हणून घरी सोमी.)

लांबून येतं गं, ते म्हणाले,
तानसा, वैतरणा,
तिकडून कुठूनतरी.

तिकडून कुठूनतरी
ही पोरं रोज शाळेत येतात.
रस्ता नाही, पायप आहे,
माणसाहून उंच, रानातून सरळ गेलेला.
त्याच्या पाठीवरून चालत येतात,
पावसाळ्यात चपला हातात घेऊन.
जिथं सांधा झिरपतो तिथं
एप्रिलमध्ये रात्रीपासून हंडे लागतात.
सोमी चढण्याआधी पायपाला कान लावते.
उशीर का झाला विचारलं तर सांगते,
पाणी जोरात होतं, ऐकत व्हते.

तर ती उठली.
कात्रीनं हत्ती केलेल्या झुडपाशेजारी
पालथी झोपली, गवताला कान लावून.
मग दर्शना. मग उमेश, डबा हातात तसाच.
मग सगळेच.
सव्वीस पोरं, एक गाल आभाळाकडे.

रखवालदार धावत आला,
शिट्टी ओठांत धरलेली.
मला वाटलं आता वाजवतो.
तो उभा राहिला.
शिट्टी ओठांतून काढून
हळूच विचारलं त्यानं मलाच,
काय हरवलंय का यांचं?

काय उत्तर दिलं आठवत नाही.
मी पोरं मोजत होते,
दिवसभर मोजतच होते,
सव्वीस भरले तरी पुन्हा.

ऐकू आलं का गं?
सोमीनं मान हलवली, नाय.
गालावर गवताच्या रेघा.
आपल्याकडं पळतंय, बाई.
हितं निजलंय.

रात्री साडेदहाला गावात पोचलो.
सर्व विद्यार्थी सुखरूप. एक चप्पल गहाळ.
'सहलीचे फलित' या रकान्यात लिहिलं:
विद्यार्थ्यांनी शहराच्या
पाणीपुरवठ्याची माहिती घेतली.
केंद्रप्रमुखांनी खाली सही केली,
अक्षर छान आहे म्हणाले.

सोमवारी मी वळणावर उभी होते.
ती आली, पण कान लावला नाही.
दोन्ही हातांचा पेला केला,
पायपाला तोंड टेकवलं
आणि काहीतरी सांगितलं त्याला,
बरंच लांब, थांबून थांबून.

काय सांगत होतीस,
हे मी विचारलं नाही.
घंटा व्हायची होती अजून.